जी लहर आधी पोहोचते

१८४९ सालच्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनजवळ, किलिनीच्या समुद्रकिनाऱ्यावर, रॉबर्ट मॅलेट नावाचा एक इंजिनियर वाळूत बंदुकीची दारू पुरत होता. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. जमिनीला एका ठिकाणी हादरा दिला तर तो किती वेगानं पुढे सरकतो? खऱ्या भूकंपाची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता, कारण आयर्लंडमध्ये मोठे भूकंप होत नाहीत. म्हणून त्यानं स्वतःच एक छोटा भूकंप घडवायचं ठरवलं.

स्फोटाच्या जागेपासून अर्धा मैल लांब त्यानं एका भांड्यात पारा ओतून ठेवला. पाऱ्याच्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक तारांच्या फुलीचं प्रतिबिंब पडत होतं आणि मॅलेट ते दुर्बिणीतून बघत होता. हादरा पोहोचला की पारा थरथरणार आणि फुली पुसली जाणार. स्फोट आणि फुली पुसली जाणं यांच्यामधला वेळ मोजायचा, अंतराला त्या वेळेनं भागायचं, झालं.

वाळूसाठी उत्तर आलं सेकंदाला सुमारे ८२५ फूट. जवळच्याच डॉकी इथल्या ग्रॅनाइटमध्ये त्यानं तोच प्रयोग केला, तेव्हा सेकंदाला सुमारे १,६६५ फूट मिळाले, म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर. आज आपल्याला माहीत आहे की चांगल्या, अखंड ग्रॅनाइटमधून सर्वांत वेगवान लहर सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावते. मॅलेटचं उत्तर जवळपास दहा पटीनं कमी होतं. उत्तर फारच लहान येतंय हे त्यालाही जाणवलं होतं. खडकातल्या भेगांमुळे लहर अडखळत असावी, असं त्यानं स्पष्टीकरण दिलं.

भेगांचा काही वाटा असेलही. पण मुख्य अडचण पाऱ्यात होती. हादऱ्यातून एकच लहर निघत नाही, अनेक निघतात. सर्वांत वेगवान लहर सर्वांत आधी पोहोचते, पण ती फार बारीक असते. तिच्यामागून संथ, दणकट लहरी येतात. पहिली बारीक लहर पाऱ्याखालून निघून गेली आणि मॅलेटला ती दिसलीच नाही. त्यानं मोजली ती मागून आलेली दांडगी लहर.

ही गोष्ट उघड व्हायला पुढची पंचवीसेक वर्षं लागली. १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमधले जहाजांना अडवणारे खडक उडवण्यासाठी तब्बल ५०,००० पौंड स्फोटकं वापरली गेली. अमेरिकन सैन्यातले इंजिनियर हेन्री अ‍ॅबट यांनी त्या स्फोटाचा हादरा लांबलांबच्या ठिकाणी मोजायची व्यवस्था केली. साधन तेच, पारा आणि दुर्बीण. पण त्यांनी कमी-जास्त ताकदीच्या दुर्बिणी वापरल्या, आणि चमत्कारिक निकाल हाती आला. दुर्बीण जितकी ताकदवान, तितका लहरीचा वेग जास्त. जमीन तीच, स्फोट तोच. मोठ्या दुर्बिणीतून पाऱ्याची आधीची, बारीकशी थरथर दिसत होती, एवढाच फरक होता.

भूगर्भशास्त्रात ज्याला ‘सायस्मिक रिफ्रॅक्शन’ किंवा भूकंपीय अपवर्तन म्हणतात, त्या पद्धतीचा इतिहास मला इथून सुरू झाल्यासारखा वाटतो. यंत्रं बदलली, स्फोटकं बदलली, देश बदलले, पण सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी होता: सर्वांत आधी येणारी, सर्वांत बारीक लहर पकडण्यासाठी. या पद्धतीचं सगळं बळ त्या पहिल्या लहरीत आहे. आणि तिचा आंधळेपणाही तिथेच आहे. तो आंधळेपणा आपल्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त नडतो, हे पुढे येईलच.

शीव ते कळवा

आधी ही पद्धत चालते कशी ते बघू. त्यासाठी मुंबईची मध्य रेल्वे पुरेशी आहे.

समजा तुम्हाला शीवहून विक्रोळीला जायचंय. तुम्ही सरळ स्लो लोकल पकडाल. फास्ट पकडायला कुर्ल्याला उतरा, प्लॅटफॉर्म बदला, गाडीची वाट बघा, एवढं करून काही वाचत नाही. पण शीवहून कळव्याला जायचं असेल तर गणित बदलतं. कुर्ल्याला उतरून फास्ट पकडायची, ठाण्याला पुन्हा स्लोमध्ये चढायचं आणि कळव्याला उतरायचं. दोनदा गाडी बदलण्यात वेळ जातो, तरी मधल्या पट्ट्यात फास्ट गाडी तो भरून काढते. म्हणजे दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेतरी असं एक अंतर असतं, जिथपर्यंत स्लो बरी आणि ज्याच्या पुढे फास्ट बरी.

जमिनीतही हेच घडतं. वरची माती आणि मुरूम ही स्लो लाइन, खालचा कातळ ही फास्ट लाइन. जमिनीवर एक लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर घण हाणला की काही लहरी वरच्या मातीतूनच सरळ पुढे जातात. काही खाली उतरतात, आणि ज्या एका ठरावीक कोनात कातळाला जाऊन भिडतात त्या कातळाच्या माथ्याला लागून धावू लागतात. धावता धावता त्यांची ऊर्जा सतत वर पाझरत असते, त्यामुळे त्या पुन्हा जमिनीवर येऊन पोहोचतात. वाट लांबची असते, पण मधला टप्पा वेगवान असतो.

जमिनीवर एका ओळीत बारा किंवा चोवीस जिओफोन रोवलेले असतात. जिओफोनच्या आत एक चुंबक आणि एक तारेचं वेटोळं असतं. जमीन हलली की दोघांमध्ये सापेक्ष हालचाल होते आणि बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो. प्रत्येक जिओफोनला पहिला धक्का किती मिलिसेकंदांनी पोहोचला, एवढंच टिपायचं असतं.

एक उदाहरण करून बघू. वरच्या मातीत लहरीचा वेग सेकंदाला ५०० मीटर, खालच्या कातळात ५,००० मीटर, आणि कातळ १० मीटर खोल आहे असं धरा. घणापासून १० मीटरवरच्या जिओफोनला मातीतली सरळ लहर २० मिलिसेकंदांत पोहोचते. कातळावरून फिरून येणाऱ्या लहरीला खाली उतरण्या-चढण्यातच सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे इथे ती हरते. पण ६० मीटरवर काय होतं बघा. सरळ लहरीला १२० मिलिसेकंद लागतात, कातळावरून आलेलीला फक्त ५२. दोघींची बरोबरी होते साधारण २२ मीटरवर.

प्रत्यक्ष कामात हेच उलट दिशेनं करायचं असतं. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्यावर पहिल्या लहरीची वेळ घेऊन आलेख काढायचा. त्यात आधी एक चढी रेघ दिसते आणि मग ती मोडून सपाट होत जाते. चढ्या रेघेच्या उतारावरून मातीतला वेग मिळतो, सपाट रेघेवरून कातळातला, आणि रेघ कुठे मोडते त्यावरून कातळाची खोली. आपल्या उदाहरणात २२ मीटरवर मोडलेली रेघ सांगते की कातळ १० मीटर खाली आहे. एकही खड्डा न खणता. बदल्यात एक किंमत द्यावी लागते: जेवढं खोल बघायचं, त्याच्या चार-पाच पट लांब जिओफोनची ओळ जमिनीवर पसरावी लागते.

झाग्रेबच्या दोन लहरी

घणानं दहा-वीस मीटर दिसतात, स्फोटानं त्याहून खोल. पण पद्धतीनं पहिली मोठी झेप घेतली ती एका खऱ्या भूकंपामुळे. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात, झाग्रेबच्या दक्षिणेला कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेबच्या वेधशाळेत आंद्रिया मोहोरोविचिच काम करत होते. ते मूळचे हवामानशास्त्रज्ञ, एका लोहाराचे चिरंजीव. त्यांनी युरोपभरच्या वेधशाळांमधून या भूकंपाच्या नोंदी गोळा केल्या आणि अंतर-वेळेचा आलेख मांडला.

आलेखात त्यांना प्राथमिक लहरी एका ऐवजी दोन दिसल्या. जवळच्या ठिकाणी एक आधी पोहोचत होती, लांबच्या ठिकाणी दुसरी. शीव आणि कळव्याचंच गणित, फक्त शेकडो किलोमीटरांच्या मापात. याचा अर्थ मोहोरोविचिच यांनी अचूक ओळखला: पृथ्वीच्या पोटात एका ठरावीक खोलीला खडकाचा प्रकारच बदलतो आणि तिथून खाली लहरी अचानक वेगानं धावतात. त्यांच्या गणितानुसार ती सीमा ५४ किलोमीटर खोल होती. १९१० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज पृथ्वीचं कवच आणि त्याखालचं प्रावरण यांच्यातल्या या सीमेला ‘मोहो’ म्हणतात. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचं अंतरंग दाखवणारी जी रंगीत चकती असते, तिच्यातली सर्वांत बाहेरची रेघ अशी पहिल्या लहरीचा पाठलाग करून सापडली आहे.

मिठाचे घुमट

या ज्ञानातून पैसा काढला तो लुडगर मिन्ट्रोप या जर्मन माणसानं. मिन्ट्रोप खाणींचे सर्वेक्षक होते. १९०८ मध्ये त्यांनी ग्योटिंगेन इथे चार टन वजनाचा लोखंडी गोळा १४ मीटर उंचीवरून जमिनीवर पाडायची व्यवस्था केली आणि त्या हादऱ्याच्या नोंदी घेतल्या. पहिलं महायुद्ध संपल्यावर, डिसेंबर १९१९ मध्ये, त्यांनी खडकांच्या थरांची रचना शोधण्याच्या पद्धतीसाठी जर्मनीत पेटंटचा अर्ज केला. १९२१ मध्ये ‘सायस्मॉस’ ही कंपनी निघाली.

त्या काळात अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर तेल शोधणारे लोक मिठाच्या मागे होते. तिथे जमिनीखाली मिठाचे प्रचंड घुमट आहेत आणि त्यांच्या कडांना तेल साचतं. वरून मात्र सपाट शेतं आणि दलदल दिसते. मिठात लहरीचा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास असतो. भोवतालच्या मऊ गाळात तो याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. मग युक्ती सोपी होती. एका जागी स्फोट करायचा आणि त्या जागेपासून समान अंतरावर, पंख्याच्या कडेसारखी, यंत्रं मांडायची. सगळीकडे लहर एकाच वेळी पोहोचली तर खाली काही नाही. एखाद्या दिशेनं ती ठरल्या वेळेआधी आली तर त्या वाटेत मीठ आहे. १९२४ मध्ये टेक्सासमधला ऑर्चर्डचा घुमट सायस्मॉसच्या पथकानं असाच हुडकला.

उथळ घुमट भराभर सापडून संपत आले, तशी तेल कंपन्यांनी परावर्तनाची, म्हणजे प्रतिध्वनीसारखी, पद्धत उचलली. तिच्यात थर जास्त बारकाईनं दिसतात. रिफ्रॅक्शनकडे मग दोन टोकाची कामं उरली. एक अगदी उथळ: धरण, पूल, बोगदा यांच्या पायाखाली कातळ किती खोल आहे हे बघण्याचं. दुसरं अगदी खोल: पृथ्वीच्या कवचाची जाडी मोजण्याचं. दोन्ही कामांसाठी ही पद्धत महाराष्ट्रात आली.

गुहागर ते चोरोची

उथळ कामाचं आपल्याकडचं जुनं ठिकाण म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याला असलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. धरणांच्या जागांवर अशा चाचण्या घेणं हे तिथलं नेहमीचं काम. खोल कामाला मात्र एका आपत्तीची पार्श्वभूमी होती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून जास्त माणसं गेली, धरणाला तडे गेले. दख्खनचं पठार म्हणजे देशातला सर्वांत स्थिर, न हलणारा भाग, ही समजूत त्या पहाटे मोडली. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, यावर जगभर चर्चा सुरू झाली. आणि त्याआधीचा एक प्रश्न समोर आला: या पठाराच्या खाली नक्की आहे तरी काय?

वर काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थरावर थर, म्हणजे दख्खनचा ट्रॅप. पण तो किती जाड, आणि तो कशावर बसला आहे?

सोव्हिएत रशियात ग्रिगोरी गाम्बुर्त्सेव यांनी रिफ्रॅक्शनचीच वाढवलेली एक पद्धत घडवली होती, ‘डीप सायस्मिक साउंडिंग’. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्यानं ती भारतात आणली. पहिली रेघ १९७२ मध्ये सुरू झाली, पूर्व किनाऱ्यावरच्या कावलीपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या उडुपीपर्यंत, सुमारे ६०० किलोमीटर. त्यानंतर सत्तरच्याच दशकात पाळी आली कोयनेच्या टापूची. के. एल. कैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रेघा आखल्या. एक गुहागर ते चोरोची, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरून सह्याद्री ओलांडून सांगली जिल्ह्यापर्यंत. दुसरी तिच्या उत्तरेला, केळशी ते लोणी.

मला ही नावं वाचताना दर वेळी गंमत वाटते. जगभरच्या भूभौतिकीच्या शोधनिबंधांमध्ये झाग्रेब आणि टेक्सासच्या रांगेत केळशी आणि चोरोची बसली आहेत. या रेघांवरून कळलं की इथे मोहो साधारण ३६ ते ४० किलोमीटर खोल आहे. मोहोरोविचिच यांनी भूकंपाच्या नोंदींवरून जे केलं, ते इथे माणसानं स्वतः स्फोट करून केलं.

जी लहर येतच नाही

आता त्या आंधळेपणाविषयी.

या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत आहे: खाली जावं तसा वेग वाढत जातो. बहुतेक ठिकाणी ते खरं असतं. वरच्या वजनानं खालच्या खडकांतल्या भेगा मिटतात, खडक घट्ट होतो. पण समजा वर फास्ट लाइन आहे आणि खाली स्लो. मग लहर खालच्या थरात शिरताना आणखीच खाली वळते. त्या थराच्या माथ्याला लागून ती धावत नाही आणि तिथून परत वरही येत नाही. आलेखावर त्या थराची रेघच उमटत नाही. तो थर असून नसल्यासारखा राहतो.

नुसता लपला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण तो हिशेबही बिघडवतो. त्याच्याखाली आणखी वेगवान कातळ असेल तर त्या कातळावरून येणाऱ्या लहरीला मधल्या संथ थरात उशीर होतो. आपल्याला तो थर दिसत नसल्यामुळे आपण तो सगळा उशीर वरच्या वेगवान थराच्या खात्यावर टाकतो. परिणामी वरचा थर आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि कातळ आहे त्यापेक्षा खोल.

दख्खन हा अशा फसवणुकीसाठीच घडवल्यासारखा प्रदेश आहे. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. मुरूम लागतो, मग काळा पाषाण लागतो, आणि पाषाण फोडून खाली गेलं की पुन्हा मऊ मांजऱ्या किंवा तांबड्या मातीसारखा थर लागतो. दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजला, त्याचीच ही तांबडी माती. विहिरीला पाणी पुष्कळदा अशाच ठिसूळ थरांतून आणि सांध्यांतून लागतं. धरणाच्या पायाला दगा देणारे थरही हेच. आणि वरून घण मारून बसलेल्या माणसाला कठीण पाषाणाखालचा मऊ थर पहिल्या लहरीत दिसत नाही. म्हणून आपल्याकडे धरणाच्या पायासाठी नुसत्या रिफ्रॅक्शनच्या आलेखावर विसंबून चालत नाही, शेजारी बोअर घ्यावाच लागतो.

मोठ्या मापातही तेच. ट्रॅपमध्ये वेग सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास. लाव्हा येण्याआधी तिथे गाळाचे खडक असतील तर त्यांच्यात तो बहुधा याहून कमी. अशा गाळात तेल-वायू असू शकतात, म्हणून प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. कैला आणि मंडळींनी मग पहिल्या लहरीच्या पलीकडे बघायला सुरुवात केली: आलेखाच्या रेघेत मध्येच पडलेला खंड, उशिरा आलेल्या लहरी, लांबून परावर्तित होऊन आलेल्या लहरी. १९८८ मध्ये कैला यांनी याच आधारावर नर्मदा-तापीच्या पट्ट्यात ट्रॅपखाली मेसोझोइक काळातल्या गाळाचं खोरं दडलेलं असल्याचा निष्कर्ष मांडला. मॅलेटला पहिली लहर दिसली नाही म्हणून उत्तर चुकलं. इथे पहिल्या लहरीकडेच बघत राहिलं असतं तर चुकलं असतं.

शेवटी दोन ठिकाणी जमिनीला भोक पाडून बघितलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं घरांच्या दगडमातीखाली गेली. ट्रॅपखाली काय आहे हे आधी कळलं असतं तर तो भूकंप टळला असता किंवा त्याचा अंदाज आला असता, असं कुणीही म्हणू शकत नाही. पण कोयनेनंतर जवळपास सव्वीस वर्षांनी तोच प्रश्न तितक्याच निकडीनं पुन्हा उभा राहिला. तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला. कोयनेच्या टापूतही गेल्या दशकात दीड किलोमीटरपर्यंत खोल बोअर घेतले गेले.

कोयनेच्या अशा एका बोअरमध्ये सुमारे ९३० मीटर ट्रॅप लागला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइटी पाया. मध्ये गाळ नाही. किल्लारीला ३३८ मीटर ट्रॅप लागला आणि त्याखाली ८ मीटर जाडीचा गाळाचा थर, मग पाया. ८ मीटर म्हणजे अडीच-तीन मजली इमारतीएवढी जाडी. लाव्हा येऊन पोहोचला तेव्हा तिथे जी जमीन होती, तिचा तो तुकडा. साडेसहा कोटी वर्षं तो काळ्या पाषाणाखाली होता. त्या थरातूनच आडवी धावलेली कुठलीही लहर वर सर्वांत आधी कधीच पोहोचली नसती. तो सापडला बोअरच्या नळीतून बाहेर काढलेल्या खडकाच्या कांडीत.